व्हिएन्नात पाहुण्यांना जेवायला कुठे न्यावं: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या सप्टेंबरात कामानिमित्त व्हिएन्नाला आले, त्याला आता दहा महिने झाले. आठवड्यातले चार दिवस दुपारी बाहेरच जेवते. शिवाय एवढ्या काळात तीनदा घरचे पाहुणे येऊन गेले: दिवाळीनंतर दीर आणि जाऊबाई, फेब्रुवारीत मावशी-काका आणि जूनमध्ये आई-बाबा. या सगळ्यांना घेऊन मी शहरभर जेवले. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट अशी सहल आखणारे ओळखीचे लोक हल्ली फोन करून एकच विचारतात, "तिकडे खायचं काय?" म्हणून सविस्तर लिहिते आहे. भपकेदार हॉटेलांत मी गेले नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल यात काही नाही.

सगळ्यात आधी बाइझल. आपल्याकडच्या खानावळीसारखी ही गल्लीतली जागा. लाकडी बाकं, गडद रंगाची टेबलं, बाहेर फळ्यावर खडूने लिहिलेले आजचे पदार्थ. सोमवार ते शुक्रवार दुपारी इथे 'मिटाग्समेन्यू' मिळतो: एक सूप आणि एक मुख्य पदार्थ, साधारण १० ते १४ युरोंत. संध्याकाळी तेच पदार्थ मेन्यूकार्डावरून घेतले तर बरेच महाग पडतात. साडेअकराला सुरू होतं आणि दोनच्या सुमारास संपतं. आपल्या सवयीने पावणेतीनला गेलात तर उरलेलं काही मिळत नाही. शनिवार-रविवारी हा मेन्यू नसतो, आणि बरीच बाइझल रविवारी बंदच असतात. त्यामुळे व्हिएन्नाचे दिवस तुमच्या हातात असतील तर ते आठवड्याच्या मधले घ्या. माझ्या मते इथलं सगळ्यात चांगलं आणि परवडणारं जेवण हेच. प्रसिद्ध जागांची यादी घेऊन फिरण्यापेक्षा, राहता तिथल्या मागच्या गल्लीत बारा वाजता भरलेलं बाइझल शोधा.

आता शाकाहाराबद्दल. इथे मला थांबून लिहायचं आहे, कारण मावशीच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली आणि ती अजून मनाला लागते. फेब्रुवारीत एका बाइझलमध्ये आम्ही जेवायला बसलो. मी वेटरला स्पष्ट सांगितलं, शाकाहारी हवंय. त्याने मेन्यू क्रमांक दोन दाखवला: पालकाचे क्नोडेल, म्हणजे उकडलेले गोळे, वर वितळलेलं लोणी आणि किसलेलं चीज. आधी सूप आलं. स्वच्छ, सोनेरी पाणी, त्यात धिरड्याच्या बारीक कापलेल्या पट्ट्या आणि वर हिरवी चिरलेली पात. याला फ्रिटाटेनसुप्पे म्हणतात. दिसायला इतकं सात्त्विक की मला विचारायचं सुचलंच नाही. मावशीने चार-पाच चमचे घेतले आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, याला वेगळाच वास येतोय." मी जाऊन विचारलं. तो म्हणाला, हो, रिंडसुप्पे आहे. म्हणजे गाईच्या हाडा-मांसाचा रस्सा. मावशीने चमचा खाली ठेवला. मला एक शब्द बोलली नाही, पण त्या दिवशी ती पुढे काही जेवली नाही.

वेटरने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या लेखी 'शाकाहारी' हा शब्द मुख्य पदार्थापुरता होता, सूप दोन्ही मेन्यूंना एकच होतं. पण हे समजून घ्यायला हवं की व्हिएन्नाच्या स्वयंपाकात हा रस्सा पाण्यासारखा वापरतात. फ्रिटाटेन असो, रव्याच्या गोळ्यांचं ग्रीसनॉकर्ल सूप असो, पाणी रिंडसुप्पेचंच. एवढंच काय, इथलं बटाट्याचं सॅलड, एर्डेप्फलसालाट, तेही पुष्कळ ठिकाणी याच रश्श्यात मुरवतात. 'ओने फ्लाइश', म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही. थेट विचारा: "इस्ट डास मिट रिंडसुप्पे?" मी आता प्रत्येक सूप आणि प्रत्येक बटाटा-सॅलडच्या वेळी हे विचारते, आणि कुणी रागावलं नाही. उलट दोन ठिकाणी आत जाऊन आचाऱ्याला विचारून आले.

नावांवरूनही फसायला होतं. लेबरकेसे या शब्दात 'केसे' म्हणजे चीज आहे, पण तो भाजलेल्या मांसाचा पाव असतो, डुक्कर आणि गाय दोन्हीचा. घोड्याच्या मांसाचाही मिळतो. बटाट्याचं गुलाश नावाला बटाट्याचं, त्यात बहुधा सॉसेजचे तुकडे. आणि जे मांसाहार करतात पण गाय खात नाहीत, त्यांनी हे लक्षात ठेवा: नुसतं 'वीनर श्निट्सल' (पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला मांसाचा पातळ काप) लिहिलं असेल तर नियमाने ते वासराचंच असतं. डुकराचं असेल तर 'फॉम श्वाइन' लिहावं लागतं, कोंबडीचं असेल तर 'फॉम हून'. दीरांसाठी आम्ही दरवेळी हून शोधायचो आणि बहुतेक बाइझलमध्ये मिळायचं.

अंडं न खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार उपयोगाची आहे. डिसेंबर २०१४ पासून युरोपात ॲलर्जीची माहिती देणं सक्तीचं आहे, आणि ऑस्ट्रियात ती बहुतेक ठिकाणी मेन्यूवर पदार्थाच्या शेवटी बारीक अक्षरांत देतात. 'ए' म्हणजे गव्हासारखी धान्यं, 'सी' म्हणजे अंडं, 'जी' म्हणजे दूध. माझी आई अंडं खात नाही. मी जून महिनाभर फक्त 'सी' शोधत होते. भाषा येत नसली तरी हे अक्षर ओळखता येतं. मांसाला मात्र असं अक्षर नाही, ते विचारावंच लागतं.

खरं सांगायचं तर अंड्याशिवायचं पारंपरिक व्हिएन्नी जेवण फार थोडं आहे. केसेश्पेट्सले हा छोट्या पिठाच्या गोळ्यांचा चीज घातलेला पदार्थ, वर कुरकुरीत तळलेला कांदा, लोखंडी तव्यात तसाच टेबलावर येतो. मला अतिशय आवडतो, पण पिठात अंडं असतं. कैझरश्मार्न हे जाड गोड धिरडं काट्यांनी फाडून, पिठीसाखर घालून आलुबुखाराच्या शिजवलेल्या फोडींबरोबर देतात. त्यात तर अंडंच मुख्य. मग आईसाठी काय? जूनच्या पहिल्या आठवड्यात पांढऱ्या श्पार्गेलचा, म्हणजे ॲस्परॅगसचा, हंगाम अजून होता. व्हिएन्नाच्या पूर्वेला मार्शफेल्ड म्हणून सपाट प्रदेश आहे, तिथला श्पार्गेल इथे नावाजलेला. एका बाइझलमध्ये मी हॅम आणि अंड्याचं सॉस नको असं सांगून मागवला. पांढऱ्याशुभ्र कांड्या, शेवग्याच्या शेंगेएवढ्या जाड, सोललेल्या आणि मऊ शिजवलेल्या. वर लोण्यात परतलेला पावाचा खरपूस चुरा, बाजूला लोणी-पार्सलीतले लहान बटाटे. आईने एक कांडी हातातच धरली, शेवटपर्यंत खाल्ली आणि म्हणाली, "हे रोज चालेल मला." एप्रिल ते जूनच्या मध्यात येत असाल तर फळ्यावर 'श्पार्गेल' दिसतो का बघा.

बाजारांतही आईचं पोट भरलं. नाशमार्क्ट सगळ्यांना माहीत असतो, फलाफल वगैरे मिळतं, रविवारी बंद असतो, पण पर्यटकांची गर्दी आणि भावही तसेच. मी पाहुण्यांना ओटाक्रिंग भागातल्या ब्रुनेनमार्क्ट या बाजारात नेते. तिथे तुर्की दुकानं आहेत, आणि पालक-चीज भरून तव्यावर भाजलेली पातळ पोळी, गोझलेमे, समोर लाटून देतात. प्राटर या मोठ्या बागेत लांगोश मिळतो: भटुऱ्यासारखा तळलेला मोठा फुगीर पाव, वर लसणाचं पाणी लावलेलं. काकांनी दोन खाल्ले.

घरच्या चवीची आठवण झाली की शॉटनटोरजवळच्या 'डेर वीनर दीवान'ला जातो. २००५ पासूनचा पाकिस्तानी बुफे आहे. पोटभर जेवायचं आणि पैसे आपल्या मनाने द्यायचे. डाळ, भाज्या, भात असतो. बाबांना पैसे किती द्यावेत कळेना, ते अस्वस्थ झाले. माझं मत असं की मिटाग्समेन्यूला जेवढे देतो तेवढे तरी द्यावेत. ही पद्धत टिकायची असेल तर ती जेवणाऱ्यांच्या जोरावरच टिकेल.

मांसाहारी मंडळींसाठी व्युर्स्टेलश्टांड, म्हणजे रस्त्याकडेच्या सॉसेजच्या टपऱ्या. उभ्याने खायचं, मोहरी गोड हवी की तिखट ते सांगायचं, वर ताजं किसलेलं क्रेन, म्हणजे हॉर्सरॅडिशचं मूळ, जे नाकात झणझणतं. रात्री उशिरा ऑपेरातून निघालेले सुटाबुटातले लोक आणि कामावरून परतणारे कामगार एकाच फळीला टेकून खातात. २०२४ मध्ये ऑस्ट्रियाने या टपऱ्यांना आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली, ते मला अगदी योग्य वाटलं.

डोरोथेयरगासेमधलं ट्शेस्नियेव्स्की १९०२ पासून आहे. गडद पावाचे बोटभर तुकडे, वर वेगवेगळे लेप, बरेचसे अंड्याचे. बरोबर 'प्फिफ', म्हणजे लिटरचा आठवा भाग बिअर. पाय दुखत असताना दहा मिनिटांत खाऊन पुढे निघायला यासारखी जागा नाही. जाऊबाईंना अंडं चालतं, त्यांना हे सगळ्यात आवडलं.

कॉफीहाऊसबद्दल थोडक्यात. ज्यांच्या दारापुढे रांग आहे ते सोडून द्या. गुम्पेनडॉर्फर श्ट्रासेवरचं १८८० सालचं श्पेर्ल मला सगळ्यात जवळचं: संगमरवरी टेबलं, जुनी बिलियर्डची टेबलं, लाकडी दांडीला लावलेली वर्तमानपत्रं. कॉफी महाग वाटेल, पण एका मेलांशवर (दुधाच्या कॉफीवर) दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. कॉफीबरोबर चांदीच्या रंगाच्या छोट्या ताटलीत पाण्याचा पेला येतो. हे पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचं. १८७३ साली पहिली वाहिनी आली, १९१० साली दुसरी, आणि शहर आजही तेच नळाचं पाणी पितं. बाटलीवर पैसे घालवू नका, 'लाइटुंग्सवासर' मागा. काही ठिकाणी त्याचेही थोडे पैसे लावतात.

पैशांवरून एकदाच वाईट अनुभव आला. मोठ्या चर्चजवळच्या एका रेस्टॉरंटमध्ये आम्ही न मागता पावाची टोपली आली. आम्ही सहज दोन तुकडे खाल्ले, आणि बिलात पाव, शिवाय माणशी 'गेडेक', म्हणजे टेबल मांडल्याचा आकार, म्हणून वेगळी रक्कम. विचारल्यावर मेन्यूच्या शेवटच्या पानावरची बारीक ओळ दाखवली. तेव्हापासून पाव आला की मी आधी विचारते, पैसे लागतात का. बिल मागताना "त्सालेन बिटे" म्हणा. वेटर विचारतो, एकत्र की वेगळं. टिप टेबलावर ठेवायची नसते. बिल २७ युरो ४० सेंट असेल तर पैसे देतानाच "तीस" म्हणायचं. थोडी रोकड बाळगा, लहान बाइझलमध्ये अजूनही कार्ड चालेलच असं नाही.

आणि शेवटी हॉयरिगर, म्हणजे द्राक्षमळेवाल्यांच्या स्वतःच्या वाइनची जागा. व्हिएन्ना शहराच्या हद्दीतच द्राक्षमळे आहेत. १७८४ साली सम्राट दुसऱ्या योसेफने शेतकऱ्यांना स्वतःची वाइन आणि खाद्यपदार्थ घरून विकायची मुभा दिली, तेव्हापासूनची ही अंगणं. दारावर हिरवी डहाळी टांगलेली असली की उघडं आहे. यातल्या ग्रिन्त्सिंग या भागात बसेस भरून लोक येतात. मी ३१ नंबरच्या ट्रामने शेवटच्या थांब्यावर, स्टामर्सडॉर्फला नेते. सगळे मळेवाले रोज उघडे नसतात, आळीपाळीने असतात, म्हणून निघण्याआधी बघून घ्या. वाइन टेबलावर आणून देतात, खाणं आतल्या काउंटरवरून आपण घ्यायचं, वजनावर, 'डेका'त. एक डेका म्हणजे दहा ग्रॅम. लिप्टाउअर हा पाप्रिका आणि शहाजिऱ्याचा चीजचा लेप पावाला लावून फार छान लागतो. न पिणाऱ्यांसाठी मळ्यातल्याच द्राक्षांचा रस, ट्राउबेनसाफ्ट.

बाबांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. त्यांनी रसाचा पहिला घोट घेतला, पेला उजेडात धरून पाहिला आणि मळा बघायचा म्हणाले. वेली फुलोऱ्यात होत्या. मालक म्हातारे, सत्तरीच्या पुढचे, हातात टेबल पुसायचं फडकं घेऊनच आमच्याबरोबर मागे आले. मी मधे दुभाषी. बाबांनी सांगितलं, आम्ही वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. म्हाताऱ्यांना आधी वाटलं माझं जर्मन चुकतंय. त्यांची छाटणी एकदाच, थंडीत, वेल झोपलेली असताना. "आमच्याकडे वेलीला झोपच नसते," बाबा म्हणाले. मी ते भाषांतर करून सांगितल्यावर म्हाताऱ्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि एक काडी पुढे ओढून विचारलं, मग तुम्ही काडीवर डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, किती ठेवता? बाबांनी बोटांनी दाखवलं. त्यांनी मान हलवून स्वतःची बोटं दाखवली. आई अंगणातून हाक मारत होती, ट्रामची वेळ झाली होती. ती ट्राम आम्ही सोडली.