२,१८,००० किलोमीटरवर घेतलेली पिकअप: नऊ महिन्यांनंतर

दिवाळी पाडव्याला जुनी पिकअप घेतली तेव्हा मीटर २,१८,००० दाखवत होता, आज २,३९,००० आहे. नारायणगावात टोमॅटो भरायचा, ओतूरवरून माळशेज उतरायचा आणि कल्याणचं मार्केट गाठायचं, हेच तिचं काम. इंजिन अजून उघडलेलं नाही. तेलपाण्यावर मात्र एवढं लक्ष आयुष्यात कधी दिलं नव्हतं.

गाडी बघायला गेलो तेव्हा डिपस्टिकवरचं डांबरासारखं काळं तेल पाहून चुलत भाऊ म्हणाला, "दादा, इंजिन गेलंय हिचं." गेलं नव्हतं. डिझेलची काजळी तेलात उतरते आणि ती धरून ठेवणं हे तेलाचं कामच. नवीन तेलसुद्धा थोड्याच दिवसांत काळं पडतं. उलट दोन लाख पळालेल्या डिझेल गाडीत मधासारखं सोनेरी तेल दिसलं, तर आता मला विकणाऱ्याचाच संशय येतो. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. न भरता पातळी वर चढली आणि डिझेलचा वास आला, तर डिझेल उतरतंय. चिमटीत चोळल्यावर कचकच लागली तर सौदा सोडून घरी यायचं. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण नुसतं वर टेकवूनही बघावं, आतल्या वायूच्या दाबाने ते उडालं तर इंजिन झिजलंय. आमचं थरथरतं, उडत नाही. हजार किलोमीटरला शंभर-दीडशे मिली तेल खाते, ते चालवून घेतो. पण आकडा वहीत लिहितो, कारण खाणं वाढलं तर ते वहीतच दिसणार.

खरा दणका दिला ब्रेक ऑइलने. जानेवारीत भरल्या गाडीने माळशेज उतरताना पॅडल मऊ पडलं, स्पंजवर पाय द्यावा तसं. दोनदा पंप केलं, तेव्हा कुठे थोडं लागलं. दुसऱ्या गिअरवर रांगत कडेला घेतली, चाकांना जळका वास. वीसेक मिनिटं थांबलो आणि पॅडल पुन्हा टणक! गळती असती तर ते असं आपोआप सुधारलं नसतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ दर्जाचं नवं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण साडेतीन-चार टक्के पाणी मुरलं की ही हद्द १५५ च्या आसपास येते. घाटात तेल उकळून वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबत नाही. डबीतली पातळी बरोबर होती म्हणून मीच दुर्लक्ष केलं होतं. रंग मात्र कडक चहाचा. सगळं काढून नवं भरलं, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली. दोन वर्षांनी बदलायचंच, गाडी उभी असली तरी. आणि पातळी खाली गेली की नुसतं ओतू नका. लायनर-पॅड झिजलेत की कुठे गळतंय, ते आधी बघा.

गिअरच्या तेलाचीही गंमत झाली. थंडीत सकाळी दुसरा गिअर पडताना कुरकुरायचा. एका गॅरेजवाल्याने "जाड टाकू, बसेल आवाज" म्हणत हौसिंगमधलं (मागच्या अ‍ॅक्सलमधलं) जीएल-५ दर्जाचं तेलच गिअरबॉक्समध्ये ओतायला घेतलं. मी अडवलं. हौसिंगच्या क्राऊन-पिनियनला, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दातेरी जोडीला, ते हवंच, पण त्यातल्या गंधकाच्या मसाल्याने गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांचं नुकसान होऊ शकतं. आमच्या पुस्तिकेत जीएल-४ लिहिलंय, तेच टाकलं. कुरकुर निम्म्यावर आली. काढताना आधी भरायचा नट सोडवून बघायचा. तोच जाम निघाला आणि खालून तेल सोडून बसलात, तर गाडी तिथेच. खालच्या नटाच्या चुंबकावर राखाडी मलम जमलं होतं, बोटावर काजळासारखं पसरणारं. ती रोजची झीज. नखाएवढा तुकडा निघाला असता तर झोप उडाली असती.

कूलंटचं थोडक्यात. आधीच्या मालकाने बोअरचं पाणी भरलेलं, पहिल्यांदा सोडलं तेव्हा गेरूच बाहेर आला. तीनदा धुऊन निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी भरलं. हिरवं-गुलाबी या रंगावर जाऊ नका, आणि गरम रेडिएटरचं झाकण कोणाच्याही सांगण्यावरून उघडू नका.

सध्या एक दुखणं शिल्लक आहे. मागच्या डाव्या चाकाच्या आतून हौसिंगचं तेल पाझरतंय. ते ड्रममध्ये उतरून लायनर भिजण्याआधी सील बदलायचंय, त्यासाठी उद्याची फेरी रद्द केली आहे.