चिमणीची मोटार ‘जळाली’ म्हणून घातलेला गंडा

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या आईवडिलांच्या स्वयंपाकघरातील चिमणी दिवाळीच्या फराळाचे तळण सुरू होण्याच्या बेतातच बंद पडली. बटण दाबले की गुणगुण ऐकू येई, पण आतला पंखा फिरत नसे. वडिलांनी कंपनीचे नाव घालून पुण्यातील सर्व्हिस सेंटर इंटरनेटवर शोधले आणि सर्वांत वर आलेल्या क्रमांकावर फोन केला. ती जाहिरात होती, आणि कंपनीचे नाव व चिन्ह वापरून ती भलत्याच मंडळींनी दिलेली होती.

आलेला माणूस गणवेशात होता, अदबीने बोलत होता. त्याने फिल्टर काढले, आतल्या काळ्या चिकट्यावरून बोट फिरवून ते आईला दाखवले आणि म्हणाला, “काकू, तेल मोटारीत उतरलंय, आतल्या तारांचं वाइंडिंग जळलंय. नशीब आज बोलावलंत, नाहीतर फोडणी देताना पेट घेतला असता.” मोटार तो घेऊन गेला, संध्याकाळी ‘नवी’ आणून बसवली आणि वार्षिक देखभालीच्या करारासह ९,९०० रुपये क्यूआर कोडवर घेतले. ते एका व्यक्तीच्या खात्यात गेले.

चिमणी फिरू लागली, पण धूर पूर्वीइतका ओढेना. शेवटी वॉरंटी कार्डावरच्या क्रमांकावरून कंपनीचा खरा तंत्रज्ञ आला. त्याने मोटारीवरचा चंदेरी रंग खरवडला, तेव्हा खाली जुनेच लेबल निघाले. त्यावरचा उत्पादनाचा महिना आमच्या चिमणीच्या पाटीवरील महिन्याशी जुळत होता. बदललेला होता तो फक्त कपॅसिटर, म्हणजे मोटारीला फिरायला जोर देणारा छोटा सुटा भाग, जो काही शे रुपयांत मिळतो. मोटार गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा तिच्यापर्यंत वीज पोहोचत असते आणि बहुधा कपॅसिटर गेलेला असतो किंवा पंखा चिकट्याने अडकलेला असतो. वाइंडिंग जळाले म्हणणाऱ्याला मल्टिमीटर, म्हणजे वीजजोडणी तपासण्याचे उपकरण, लावून दाखवायला सांगावे. आमच्याकडे आलेल्याने पिशवीतून तो बाहेरही काढला नव्हता.

मला अधिक संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. ज्या आगीची भीती घालून त्याने पैसे काढले, ती भीती मुळात खोटी नव्हती, पण धोका खरा जिथे होता त्या डक्टला, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपला, त्याने हातही लावला नाही. खऱ्या तंत्रज्ञाने भिंतीबाहेर जाणारा तो पन्हाळीदार ॲल्युमिनियमचा पाइप सोडवला, तेव्हा वळणाच्या जागी चिकट्याचा जाड थर बसलेला दिसला. कढईतील ज्वाळा वर ओढली गेली तर पेटतो तो हा थर, आणि धूर ओढला जात नव्हता तोही याच्यामुळेच. ‘ऑटो-क्लीन’ चिमणी पंख्याच्या भागातील तेल तापवून खालच्या वाटीत उतरवते, डक्ट साफ करत नाही, हे विक्रेते क्वचितच सांगतात. फिल्टर घरच्या घरी गरम पाणी व भांड्यांच्या साबणाने धुता येतात. मात्र जाळी ॲल्युमिनियमची असेल तर कॉस्टिक सोडा वापरू नये, तो धातूच खातो. कढईने पेट घेतलाच तर गॅस आणि चिमणी दोन्ही बंद करून कढईवर झाकण ठेवावे, पाणी ओतू नये; पंखा चालू राहिला तर तो ज्वाळा डक्टमध्ये खेचतो.

त्या भामट्यांचे बिल मी नंतर नीट पाहिले. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो. बिलावरचा २७ने सुरू होत होता खरा, पण चौदाचाच होता! पंधरा असले तरी जीएसटीच्या संकेतस्थळावर तो घालून व्यवसायाचे नाव पाहावे, त्याला पैसे लागत नाहीत. आम्ही १९३० या सायबर मदतक्रमांकावर आणि १९१५ या ग्राहक मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. बँकेचे म्हणणे असे की रक्कम खातेदाराने स्वतः पाठवली असल्याने ती परस्पर परत फिरवता येणार नाही. कराराच्या कागदावरचा क्रमांक अजून चालू आहे. तो लावला तर पलीकडून आता दुसऱ्याच कंपनीचे नाव सांगितले जाते, आणि हेही आम्ही तक्रारीत जोडले आहे.