पेपरची नोकरी की स्वतःचं चॅनल : विश्वास कुठे कमवाल?

पत्रकारितेचा कोर्स संपत आला की दरवर्षी दोन-चार मुलामुलींचे फोन येतात. "दादा, पेपरला लागू की चॅनल काढू?" मी दोन्हीकडे राहिलोय. जिल्ह्याच्या दैनिकात नऊ वर्षं बातमीदारी केली आणि आता पाच वर्षं शेतमालाच्या बाजारावरचं माझं यूट्यूब चॅनल चालवतोय. पगार आणि व्ह्यूजचं नंतर बघू, आधी मी त्यांना उलट विचारतो : तुम्ही सांगाल ते खरं आहे की नाही, हे बघणाऱ्याला स्वतःला पडताळता येईल का?

माझ्या मते सगळा निर्णय इथे ठरतो. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये यूट्यूबवर रेसिपी दाखवायला सुरुवात केली. त्यांच्यामागे कुठलं वर्तमानपत्र नव्हतं, वाहिनी नव्हती. पण रेसिपी बघणारी बाई त्याच संध्याकाळी ती करून बघते. पुरण सैल झालं, पोळी फाटली, तर तिला कळतंच. नीट जमली तर ती पुढच्या वेळी परत येते, जावेलाही सांगते. असा विश्वास रोजच्या रोज पारखला जातो, म्हणून तो एकट्या माणसालाही कमावता येतो. बाजारभाव, गड-किल्ल्यांच्या वाटा, स्पर्धा परीक्षेची तयारी यांचंही असंच.

पण रस्त्याच्या टेंडरमध्ये कुणाचा हात होता, पोलिसांनी सांगितलेली हकिगत खरी का, हे घरी बसलेल्या माणसाने कसं तपासायचं? तिथे तो बातमीमागच्या पद्धतीवर विश्वास ठेवतो. बीटवरचा माणूस, म्हणजे एकाच विषयाच्या बातम्या रोज आणणारा बातमीदार, मग बातमी छापण्याआधी तपासणारं डेस्क, गरज पडली तर वकील. ही पद्धत एकट्याला उभी करता येत नाही असं नाही, पण पंचविशीत नोकरीशिवाय ती शिकायला मिळणं फार कठीण.

डेस्क म्हणजे काय ते सांगतो. रात्रीचे साडेदहा, पानं सोडायची घाई, आणि आमचे मुख्य उपसंपादक फोनवर : "हा आकडा कुणी दिला? मग त्याचं नाव बातमीत का नाही? दुसऱ्या बाजूला फोन केलास का?" मला भयंकर राग यायचा. कधी कधी तर बातमी दुसऱ्या दिवसावर जायची. चॅनल सुरू केलं तेव्हा पहिलं काय जाणवलं असेल, तर हा फोन आता येत नाही. सुरुवातीला मोकळं वाटलं.

मग पहिल्याच वर्षी ठेच लागली. बाजार समितीच्या भावाच्या तक्त्यात तीन रकाने असतात : किमान, कमाल, सरासरी. मी घाईत थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्रावर, कमाल भाव टाकला. तो भाव त्या दिवशी एकाच पिकअपमधल्या निवडक कांद्याला मिळाला होता. व्हिडिओ धावला. दोन दिवसांनी येवल्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "तुमचं बघून साठवलेल्या कांद्याची चाळ फोडली. ट्रॅक्टरचं भाडं भरून माल आणला. भाव तर त्याच्या खालीच निघाला." तो चिडला नाही, एवढंच बोलून गप्प राहिला. ती शांतता मला अजून आठवते. दुसऱ्या दिवशी लिलावाच्या ओट्यावर उभा राहून व्हिडिओच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात चूक सांगितली, माफी मागितली. तेव्हापासून थंबनेलवर फक्त सरासरी भाव असतो. व्ह्यूज कमी येतात. पण माझ्याकडे चूक पकडणारा शेतकरी होता. राजकीय बातमीत अशी चूक केली असती तर ती पकडायला कुणी नसतं, किंवा थेट नोटीस आली असती.

नोटिशीवरून कोल्हापूर प्रकरण आठवतं. संस्थानच्या कारभाऱ्यांविरुद्धच्या पत्रांवर विसंबून टिळक-आगरकरांनी छापलं, ती पत्रं बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू शुद्ध असूनही कागद तपासायचा राहिला की काय होतं, हे त्यांनी भोगलं. आजही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पेपरात तुमच्या बाजूला संपादक आणि व्यवस्थापन असतं. चॅनलवर वकील तुम्हीच शोधायचा आणि तारखांनाही तुम्हीच जायचं.

आता पैसा. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन तुटपुंजं, शिवाय पुरवणीसाठी जाहिराती आणायचं काम गळ्यात. ज्या नेत्याची बातमी लिहायची त्याच्याकडेच वाढदिवसाच्या जाहिरातीसाठी जाऊन बसायचं. गावात हे सगळ्यांना दिसतं. नोकरीतल्या पत्रकाराच्या विश्वासाला सर्वांत मोठं भोक इथे पडतं, आणि ते त्याने पाडलेलं नसतं.

चॅनलवर भोक दुसरीकडे आहे. जाहिरातीतला वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास बघणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के निर्मात्याला मिळतात. ऐकायला बरं वाटतं, पण त्यावर माझं घर दोन वर्षं चाललं नाही. अशा वेळी कंपन्यांचे फोन सुरू होतात : बियाणं, कीटकनाशक, शेअर शिकवणारे क्लास. पैसे घेतले तर ते ठळकपणे सांगणं बंधनकारक आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. मी माझ्यापुरतं त्याहून कडक ठेवलंय : ज्या मालावर बोलतो, त्या मालाच्या कंपनीकडून एक रुपया नाही.

मुलं रवीश कुमारांचं उदाहरण देतात. त्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये एनडीटीव्ही सोडलं आणि प्रेक्षक त्यांच्यामागे यूट्यूबवर गेले, हे खरं. पण १९९६ पासूनची वर्षं त्यांनी त्याच संस्थेत काढली होती. आगरकरही केसरीचं संपादकपद सांभाळून मग १८८८ मध्ये सुधारककडे वळले. दोघांनी नेलेला विश्वास आधीच्या वर्षांत साठला होता, तेवढा भाग सोडून ही उदाहरणं घेऊ नका.

तेव्हा माझा सल्ला स्पष्ट आहे. राजकारण, गुन्हे, न्यायालय, आर्थिक घोटाळे यांत काम करायचं असेल तर किमान तीन वर्षं चांगल्या डेस्कखाली काढा, पगार कमी असला तरी. शेती, स्वयंपाक, प्रवास, शिक्षण असा अंगात मुरलेला विषय असेल तर नोकरीची वाट बघू नका. वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवा आणि सुरू करा. आधी कॅमेऱ्यापेक्षा माइक घ्या.

फक्त नोकरीत डेस्क आहे ना, हे मुलाखतीतच बघून घ्या. "तुमच्याकडे शेवटची दुरुस्ती कधी आणि कुठल्या पानावर छापली?" असं नम्रपणे विचारा. उत्तर आलं तर जागा चांगली. समोरचा हसला आणि जाहिरातीच्या टार्गेटबद्दल बोलायला लागला, तर तिथे तुम्हाला शिकवणारं कुणी नाही, मग चॅनलच बरं. आणि रुजू होण्याआधी करारात दोन गोष्टी शोधा : नोकरीत असताना स्वतःच्या नावाने व्हिडिओ टाकता येतील का, आणि सोडताना तुमच्या नावाचं पेज कुणाकडे राहणार. माझ्या एका सहकाऱ्याने हे वाचलं नव्हतं. सहा वर्षं त्याच्या चेहऱ्यावर वाढलेलं पेज नोकरी सोडली त्या दिवशी त्याच्याकडून गेलं.