गणिताची शिकवणी: तीस जणांचा क्लास, चौघांचा गट की घरी येणारे सर?

गोव्यात बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून गणित शिकतात आणि पाचवीत इंग्रजीवर येतात. सहावी-सातवीत गुण घसरले की शिकवणीची शोधाशोध सुरू होते, आणि पहिली चौकशी फीची होते. त्याआधी मुलाचं नेमकं काय अडलंय ते बघा.

कागदावर तीन प्रश्न द्या: १/२ + १/३ किती? ०.२५ आणि ०.३ यांत मोठं कोण? −३ − ५ किती? उत्तरं २/५, ०.२५ आणि +८ अशी आली, तर सराव कमी पडलेला नाही, कल्पनाच चुकीची बसली आहे. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवायचा, २५ हा ३ पेक्षा मोठा, दोन वजा म्हणजे अधिक, हे नियम मुलानं स्वतः जुळवलेले किंवा अर्धवट ऐकलेले असतात. नुसती उदाहरणं सोडवून ते जात नाहीत, उलट पक्के होतात.

अशा मुलाला तीस जणांच्या क्लासला घालू नका. तासाभरात तीस वह्या बघायच्या म्हटलं तर एका वहीला दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात उत्तर चुकलंय एवढं कळतं, का चुकलं ते नाही. दहावीतल्या ज्या मुलाचा पाया बरा आहे, पण पेपर वेळेत पुरा होत नाही, त्याला मात्र हाच क्लास उपयोगी: फी कमी आणि सराव भरपूर.

घरी येणाऱ्या सरांकडून पालकांच्या अपेक्षा फार असतात. दोन-तीन इयत्तांचं राहून गेलं असेल तर एकट्यानं शिकणंच बरं, कारण सातवीच्या मुलाला चौथीचे अपूर्णांक चारचौघांत विचारायची लाज वाटते. फक्त पेन्सिल कुणाच्या हातात आहे याकडे लक्ष ठेवा. सर सोडवतात, मूल मान डोलावतं, शाळेचा गृहपाठ संपतो. आई-बाबा खूश, पण परीक्षेत पुन्हा २/५.

बहुतेक मुलांसाठी आमचा कौल तीन-चार जणांच्या गटाला. तिथे वाद घालता येतो. चांगली टीचर २/५ वर लगेच काट मारत नाही. ती विचारते, "अर्ध्यात आणखी काही मिळवलं, तर उत्तर अर्ध्याहून कमी कसं?" मग १२ सेंमीची कागदी पट्टी येते: अर्धी म्हणजे ६, तिसरा भाग ४, मिळून १०. बारापैकी दहा, म्हणजे ५/६. समान छेद कशाला लागतो हे इथे दिसतं, लसावि त्यानंतर. गट एकाच पातळीचा हवा, नाहीतर एक हुशार मूल बोलतं आणि बाकीचे उतरवून घेतात.

माध्यम बदललेल्या मुलांचा घोटाळा शाब्दिक उदाहरणांत होतो. 'फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर' वाचून मूल शब्दांच्या क्रमानं ५ − २क्ष लिहितं. तेच 'संख्येच्या दुपटीपेक्षा ५ ने कमी' म्हटलं की २क्ष − ५ येतं. म्हणून दोन्ही भाषांत उदाहरण मांडू देणारा शिक्षक निवडा. वाळपई-पेडण्याकडच्या मुलांचा प्रवास ऑनलाइन शिकवणीनं वाचतो, पण कॅमेरा चेहऱ्यावर नको, वहीवर हवा. पावसाळ्यात वीज जाते ते वेगळंच.

ठरवण्याआधी चार आठवडे बघा. पहिल्याच दिवशी वरचे तीन प्रश्न सरांना दाखवून ठेवा. महिन्यानं आकडे बदलून, आधी न सांगता मुलाला पुन्हा द्या: १/४ + १/३, ०.४ आणि ०.३५, −२ − ६. उत्तरासोबत 'कशावरून?' हेही विचारा. 'सरांनी तसं सांगितलंय' एवढंच ऐकू आलं तर शिकवणी बदला. शक्य असेल तर फी महिन्याची भरा, वर्षाची एकदम नको.