कॅनडाचे सीमा अधिकारी: निःशस्त्र की सशस्त्र?
कॅनडा–अमेरिका सीमेच्या नाक्यांवर २००७ पर्यंत कॅनडाचे अधिकारी पिस्तुलाविना उभे असत. धोका दिसताच पोलिसांना बोलवायचे, ही पद्धत ‘जगातील सर्वांत लांब असंरक्षित सीमा’ या अभिमानाशी आणि अमेरिकेहून वेगळेपणाच्या जाणिवेशी जुळणारी होती. मात्र पोलीस येईपर्यंत काय करायचे, याचे उत्तर तिच्यात नव्हते: जानेवारी २००६ मध्ये सशस्त्र फरारी येत असल्याच्या इशाऱ्यानंतर ब्रिटिश कोलंबिया या प्रांतातील सीमा अधिकाऱ्यांनी कामच थांबवले. त्याच वर्षी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या सरकारने सीमा अधिकाऱ्यांना शस्त्रे देण्याचे ठरवले. सुरक्षेच्या निकषावर हा दुसरा पर्याय मला अधिक प्रामाणिक वाटतो. राष्ट्रीय ओळखीच्या निकषावर त्याने फारसे गमावलेही नाही, कारण राष्ट्राचे प्रतीक मानल्या जाणाऱ्या माउंटेड पोलिसांच्या (कॅनडाच्या राष्ट्रीय पोलीस दलाच्या) कमरेला पिस्तूल आधीपासूनच होते.