कार्डाची जागा नसलेल्या फोनात गाणी भरणं : पोळ्यापासून हरभऱ्यापर्यंतचा अनुभव

या फोनचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि स्क्रीन किती हर्ट्झची, ते इथे शोधू नका. ते खोक्यावर छापलेलं आहे, आणि नसेल वाचलं तर दुकानदार तोंडपाठ ऐकवतो. मी पोळ्याच्या आधी फोन घेतला, आता वावरात हरभरा घाट्यावर आला आहे. एवढ्या काळात फोननं मला एकाच कामात छळलं, ते म्हणजे लॅपटॉपमधली गाणी त्यात भरणं. बाकी सगळं ठीक आहे. बॅटरी दीड दिवस ओढते, उन्हात स्क्रीन दिसते, दोनदा बांधावर पडला तरी काच शाबूत आहे. पण मेमरी कार्ड टाकायला जागा नाही.

घेताना हे माहीत होतं. दुकानदार म्हणाला, "१२८ जीबी आहे भाऊ, कार्ड कायले पायजे?" प्रश्न जागेचा नव्हताच. माझी सगळी गाणी, बाबांच्या कॅसेटींसकट, १५ जीबीच्या वर जात नाहीत. सेकंदाला १२८ किलोबिट दराची एमपी३ मिनिटाला एक एमबीसुद्धा खात नाही. प्रश्न गाणी आत कशी जातात याचा आहे. जुन्या फोनात कार्ड नखानं दाबून बाहेर काढायचं, रीडरला लावायचं, लॅपटॉपवरून फोल्डर ओढून टाकायचं, परत खोचायचं. चहा होईपर्यंत काम संपायचं. तालुक्याच्या ठिकाणी मोबाइल शॉपीवाले अजूनही असेच 'गाणे भरून' देतात. माझा फोन त्यांच्यातल्या एकानं पाठीमागून, बाजूनं फिरवून पाहिला आणि परत दिला. घरी बाबांनीही तेच विचारलं, "कार्ड टाकाले जागाच नाही? मंग एवढा मोठा कायले बनवला बे?"

कोणी म्हणेल ऑनलाइन ऐक. आमचं वावर नाल्यापलीकडे आहे. एका कंपनीची रेंज घरात येते, दुसरीची वावरात, तीही विहिरीच्या कठड्याजवळ उभं राहिलं तर. म्हणून दोन सिम लागतात. (आणि म्हणूनच दोन सिम किंवा एक सिम अधिक कार्ड असा जोडट्रे असता तरी मला अर्धाच उपयोग झाला असता, हेही कबूल. मला तीन खणांचा ट्रे हवा होता, तो या किमतीत मिळाला नाही.) हिवाळ्यात रोही (नीलगायी) आणि रानडुकरं हरभऱ्यावर येतात, तेव्हा आम्ही पाळीपाळीनं जागलीला जातो आणि ब्लूटूथ स्पीकरवर रात्रभर गाणी लावून ठेवतो. आवाज बंद पडला की अर्ध्या तासात खुरांचे ठसे दिसतात. फुकट ॲपवर मध्येच जाहिरात लागते. रोह्याला त्यानं फरक पडत नाही, मला पडतो. दर महिन्याला पैसे भरून रोह्यांना गाणी ऐकवायची माझी तयारी नाही.

शिवाय निम्मी गाणी कुठेच ऑनलाइन नाहीत. आमचा भाग अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्याचा, गुरुकुंज मोझरीचा शेजार. बाबा गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला आणि सामुदायिक प्रार्थनेनंतर मंडळ जे म्हणायचं ते कोणीतरी टेपवर धरून ठेवलं होतं. त्या कॅसेटी मी लॅपटॉपवर उतरवल्या : टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर, लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, आणि साठ मिनिटांच्या कॅसेटला बरोबर साठ मिनिटं शेजारी बसणं. कच्चं रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्हीमध्ये मिनिटाला दहा एमबी होतं, म्हणजे एक कॅसेट सहाशे एमबी. एमपी३ केल्यावर तीच साठाच्या आत येते. एका माइकवर धरलेलं भजन मोनोमध्ये ठेवलं तर त्याच्याही निम्मं, आणि कानाला फरक कळत नाही. हे सगळं ज्याच्यासाठी केलं त्या फोनात ते घालायचं कसं, इथे अडलं.

कंपनीनं दिलेली वायर लावली. फोन फक्त चार्ज होऊ लागला. हे आता बहुतेक अँड्रॉइडवर असंच आहे : वायर लावली की आधी चार्जिंग, मग वरून पट्टी खाली ओढून यूएसबीच्या सूचनेवर बोट ठेवून 'फाइल ट्रान्सफर' निवडायचं. दर वेळी. वायर निघाली, परत लावली, की परत. सुरक्षेसाठी केलंय हे समजतं; परक्या चार्जरला फोनमधलं काही दिसू नये. पण माझ्याच घरात, माझ्याच लॅपटॉपला हा फोन दर वेळी अनोळखी माणसासारखा वागतो. यावर उपाय आहे, तो कोणी सांगत नाही. 'अबाउट फोन'मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात 'डीफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन' असतं. तिथे फाइल ट्रान्सफर निवडून ठेवलं की फोन अनलॉक असताना वायर लावल्याबरोबर लॅपटॉपवर दिसतो. लॉक असेल तर नाही.

दिसला तरी तो पेनड्राइव्हसारखा दिसत नाही. त्याला डी, ई असं अक्षर मिळत नाही. जुन्या अँड्रॉइडमध्ये फोन आपलं कार्ड पूर्णपणे कॉम्प्युटरच्या ताब्यात द्यायचा आणि तेवढा वेळ फोनला स्वतःला ते वापरता यायचं नाही. २०११ च्या सुमारास अँड्रॉइड ३ आणि ४ पासून गूगलनं हे सोडलं आणि एमटीपी आणलं. ही मूळची मायक्रोसॉफ्टची पद्धत, गाणी वाजवायच्या छोट्या यंत्रांसाठी काढलेली. यात कॉम्प्युटर फाइलींना थेट हात लावत नाही, फोनला एकेक फाइल मागतो किंवा देतो आणि फोन ती आपल्या हातानं ठेवतो. त्यामुळे एका वेळी एकच काम. चार जीबीचा एकच सिनेमा सुरळीत जातो, पण तेवढ्याच वजनाची हजार गाणी घातली की प्रत्येक फाइलमागे विचारपूस, आणि हिरवी पट्टी रेंगाळत राहते. मध्येच तुटलं तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू होत नाही. अर्धं गेलेलं गाणं फोनात तसंच पडून राहतं आणि जागलीला बरोबर तेच मध्येच कापलं जातं.

आणि माझं तुटायचं. दहा-बारा गाणी गेली की 'डिव्हाइसने प्रतिसाद देणं बंद केलं आहे' असा डबा यायचा. मी वायर बदलली. बाजारात शंभरच्या आत मिळणाऱ्या अनेक वायरींमध्ये डेटाच्या दोन तारा नसतातच, फक्त वीज नेणाऱ्या दोन असतात, त्यामुळे वायर घेताना दुकानातच लॅपटॉपला लावून पाहिलेली बरी. मी घेतली ती डेटावाली होती. तरी तेच. कापूस वेचणीच्या दिवसांत तर फोन चार्ज व्हायलाही कुरकुरू लागला. वायर जरा तिरपी धरली तर घ्यायचा.

मग जिल्ह्याच्या गावी सर्व्हिस सेंटर. फोन वॉरंटीत. काउंटरवरच्या मुलानं भिंगातून पाहिलं, म्हणाला, पोर्टमध्ये ओल गेली आहे, वॉरंटीत बसत नाही, चार्जिंगचा बोर्ड बदलावा लागेल. जो आकडा सांगितला त्यात माझा जुना फोन दुरुस्त होऊन वर नवं कार्ड आलं असतं. मी म्हणालो, पावसाळ्यात तर चांगला चालला, आता कोरड्या दिवसांत ओल कुठून आली? त्यावर उत्तर आलं, "सर, आता गाणी कोणी कॉपी करत नाही, ऑनलाइन ऐका नं." मी लेखी मागितलं की कशामुळे वॉरंटी नाकारता. लेखी मिळालं नाही, फोन मिळाला. येण्या-जाण्याचं एसटी भाडं आणि अर्धा दिवस गेला तो गेलाच.

परतताना तालुक्याच्या त्याच मोबाइल शॉपीत थांबलो. त्यानं पोर्टमध्ये टॉर्च मारला, फोन बंद करायला लावला, लाकडी काडीनं आतून पांढरा गोळा ओढून काढला. कापूस. खिशातला, ओट्यातला, वेचणीच्या दिवसांत सगळीकडे उडणारा तंतू तळाशी दाबला जाऊन बसला होता आणि प्लग पुरता आत टेकत नव्हता. "या दिवसांत रोज दोन-तीन येतात असे," म्हणाला. पैसे मागितले नाहीत, मी चहा पाजला. ज्यांचं वावर कपाशीचं आहे त्यांनी एवढं करा : पोर्टला रबरी बूच लावा, ते दहा-वीस रुपयांत मिळतं. आणि सुई वापरू नका, आतले संपर्क वाकतात.

तेव्हापासून कॉपी मध्येच तुटणं बंद झालं आहे. म्हणून फोनबद्दलचं माझं मत एका पायरीनं वर गेलं, सर्व्हिस सेंटरबद्दलचं दोन पायऱ्यांनी खाली. कार्डाच्या जागेबद्दलचं जागेवरच आहे. ट्रेवाल्या फोनात पोर्टमध्ये कापूस गेला असता तरी गाणी भरायचं काम थांबलं नसतं.

आता मी वायर जवळजवळ वापरत नाही. भाच्यानं दिवाळीत लॅपटॉपवर आणि फोनवर लोकलसेंड हे फाइली पाठवायचं ॲप टाकून दिलं. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, जाहिरात नाही, विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळ्यांवर चालतं. घरी वायफायचा डबा नाही, तरी अडत नाही : फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, लॅपटॉप त्याला जोडायचा, मोबाइल डेटा बंद. गाणी हवेतून सरळ लॅपटॉपमधून फोनात जातात, इंटरनेटचा एक केबीसुद्धा जात नाही. पहिल्यांदा हे खरं वाटलं नाही म्हणून मी सिमचा शिल्लक डेटा आधी आणि नंतर पाहिला. तेवढाच. पहिल्या वेळी विंडोजचं फायरवॉल परवानगी मागतं, तिथे 'नाही' म्हटलं तर दोघं एकमेकांना दिसतच नाहीत. अख्खं फोल्डर पाठवता येतं. आमच्याकडे आधी याच कामाचे शेअरइट आणि झेंडर होते, ते २०२० च्या जूनमध्ये सरकारनं बंद केले. गूगलचं क्विक शेअरही आता विंडोजवर येतं, ते ६४ बिटच्या विंडोज १० पासून पुढेच चालतं. शेजाऱ्याच्या नव्या लॅपटॉपवर चांगलं चालताना पाहिलं.

व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच गाणी पाठवणारे गावात बरेच आहेत. त्यात पाठवताना एकदा आणि उतरवताना एकदा, असा दोनदा डेटा जातो. दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज असलेल्या माणसानं हे करू नये.

जुनं ६४ जीबीचं कार्डही वाया घालवलं नाही. टाइप-सीचा छोटा कार्ड रीडर दोनशेच्या आत आला. फोनला लावला की ओटीजीनं (फोनला पेनड्राइव्हसारखं काही जोडायची सोय) कार्ड दिसतं आणि व्हीएलसी प्लेयरमधून फोल्डर उघडून तिथूनच वाजतं. कार्ड एक्सफॅट किंवा फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं असावं, एनटीएफएस बरेच फोन वाचत नाहीत. पण रीडर बाहेर डोकावत राहतो, खिशात अडकतो, आणि तो लागलेला असताना चार्जर लावता येत नाही. रात्रीच्या जागलीला पॉवर बँक लावायची तर गाणी बंद. आत खाच असती तर यातलं काहीच झालं नसतं. मला माहीत आहे मी परत तिथेच आलो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पद्धतीनं गाणी भरली तरी त्रास देते : क्रम. फोनमधला प्लेयर फाइलचं नाव पाहत नाही, गाण्याच्या पोटात लिहिलेली माहिती पाहतो. बाबांच्या कॅसेटींत ती नव्हतीच, त्यामुळे सगळी भजनं 'अज्ञात कलाकार' नावाच्या एकाच ढिगात पडली आणि पूर्वी शॉपीतून भरून घेतलेल्या नाचाच्या गाण्यांच्या मध्ये प्रार्थना लागू लागली. बाबा रागावले. लॅपटॉपवर एमपी३टॅग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइलच्या नावावरून सगळ्यांची माहिती एका फटक्यात भरता येते. मराठीत नाव लिहा, पण टॅग (ही पोटातली माहिती) आयडी३ या पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत ठेवा. पहिल्या आवृत्तीत नावाला ३० बाइट्सच असतात आणि देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. क्रमांक ०१, ०२ असे द्या, नाहीतर काही प्लेयर १ नंतर १० वाजवतात.

आता बाबांसाठी फोन पाहतो आहे. त्यांना हॉटस्पॉट, परवानगी, हे काही जमणार नाही, जमवायची इच्छाही नाही. दोन सिम आणि वेगळ्या कार्डाचा तीन खणी ट्रे, हेडफोनचं गोल भोक, आणि दहा हजारांच्या आत. असा कोणी सध्या वापरत असेल तर मॉडेल सांगा, आणि आवाज किती मोठा आहे तेही.