सागरी विज्ञानात एम.एस्सी.: पहिलं वर्ष संपताना

बी.एस्सी.नंतर गोव्यात सागरी विज्ञानाला प्रवेश घेतला, त्याला आता वर्ष होत आलं. गावाकडची मुलं ‘कोर्स कसा आहे?’ असं सारखं विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

डॉल्फिन आणि स्कूबा डोळ्यांसमोर ठेवून येणार असाल, तर आधी नीट विचार करा. भौतिक, रासायनिक, जैविक, भूगर्भीय अशा चारही अंगांनी समुद्र शिकावा लागतो. बॉटनीवाल्यांना लाटांची गणितं जड जातात, फिजिक्सवाल्यांना प्लवकांची, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या बहुधा सूक्ष्म जीवांची नावं.

पण मांडवी आणि झुआरी या नद्या हाताशी असणं ही मोठी चैन आहे. मे महिन्यात मांडवीच्या मुखाशी क्षारता ३५ च्या आसपास (किलोभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार), समुद्राइतकीच असते. भर पावसात तिथेच वरच्या थरात ती पार घसरते आणि खारं पाणी खालून आत शिरतं.

मला या विषयाशी कायमचं बांधलं ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायच्या विंकलरच्या प्रॅक्टिकलने. पद्धत १८८८ ची, पण आजही भरवशाची. बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये. मग मँगनीजचं द्रावण आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका येतो. पावसाळा सरताना समुद्रात तळाजवळून घेतलेल्या सॅम्पलमध्ये तो जवळजवळ पांढराच राहिला. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत खोलवरचं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी पश्चिम किनाऱ्याकडे वर चढतं. त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर बसतो, खाली मेलेलं प्लवक कुजत राहतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाला ऑक्सिजन उरत नाही. हे सगळं वाचलेलं होतं. तरी ती बाटली हातात धरल्यावर तळाच्या माशांची काळजी पहिल्यांदा मनापासून वाटली.

फील्डवर्क मुरगावच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावर चालतं, मग पहाट असो की रविवार. खारफुटीच्या चिखलात गुडघाभर रुतायची तयारी हवी.

नोकरीचं स्पष्ट सांगते. नुसत्या एम.एस्सी.वर जागा थोड्या. दोनापावलाची एनआयओ (समुद्रविज्ञान संस्था), हैदराबादची इन्कॉइस (समुद्राची माहिती पुरवणारं केंद्र), चेन्नईची एनआयओटी (सागरी तंत्रज्ञान संस्था) इथे प्रोजेक्टवरची कामं निघतात, पण ती मुदतीची असतात. संशोधनात राहायचं तर नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. धरूनच चाला. घरी लगेच पगाराची गरज असेल तर हे आधीच बोलून घ्या. आणि प्रवेशाआधीच्या सुट्टीत थोडं पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा) शिकून या. दुसऱ्या सेमिस्टरपासून डेटा हाताळताना ते रोज लागतं.